चपला सांभाळणाऱ्याची जेजुरी

अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त 'मकरंद' नावाची एक लहानशी कविता आहे. पुस्तक चाळताना सहज निसटून जाईल इतकी लहान. त्यात एक माणूस दुसऱ्याला सांगतो की शर्ट काढून आत पूजेला वगैरे जाणं माझ्याच्यानं होणार नाही. तुला जायचं तर तू खुशाल जा, फक्त जाण्याआधी काडेपेटी देऊन जा. मी बाहेर अंगणात असेन, तिथे सिगारेट ओढली तर कुणाची हरकत नसावी. बस, एवढंच. मकरंद हे कोलटकरांच्या भावाचं नाव. साठच्या दशकात कोलटकर जेजुरीला गेले तेव्हा मकरंद आणि कवी मनोहर ओक बरोबर होते. मनोहरच्या नावाचीही एक कविता पुस्तकात आहे. तीत तो एका उघड्या दारातून देव बघायला डोकावतो आणि आतून वासरू त्याच्याकडे बघतं.

'मकरंद'मध्ये बोलणारा कवी आहे की मकरंद, हे कविता सांगत नाही. मी ती भावानं भावाला म्हटलेली म्हणून वाचतो. दोघांपैकी एक आत जातो, एक बाहेर राहतो. आत गेलेल्याचं पुढे काय झालं, त्याला आत काय दिसलं, बाहेर आल्यावर दोघं काय बोलले, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. पुस्तक बाहेर राहिलेल्याचं आहे.

या पुस्तकावर किती लिहिलं गेलंय हे तुम्हाला माहीत असेल. 1976 साली ते आलं, 1977 मध्ये त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, आणि तेव्हापासून त्याच्याभोवती एकच खटला चालू आहे. भालचंद्र नेमाड्यांचा आरोप सगळ्यांत प्रसिद्ध: हा कवी मुंबईहून शनिवार-रविवारच्या पर्यटकासारखा आला, बघून गेला, श्रद्धेनं येणाऱ्या माणसांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. कोलटकरांच्या बाजूचे म्हणतात, श्रद्धा हा इथे मुद्दाच नाही. या कवीची नजर बघा, तुटलेल्या दाराकडे, नळाच्या पाइपकडे, कुत्रीच्या पिल्लांकडे तो ज्या मायेनं बघतो तीच त्याची भक्ती. म्हणजे एका बाजूला भाविक, दुसऱ्या बाजूला बघ्या. वकील बदलतात, युक्तिवाद तेच.

मला या खटल्यात एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजूंनी न बोलता गृहीत धरलंय की जेजुरीला माणूस एकटा जातो. एकटा मानतो किंवा एकटा मानत नाही. माझ्या ओळखीत जेजुरीला एकटं गेलेलं कुणी नाही.

आमचं कुळदैवत खंडोबा. त्यामुळे वर्षातून एकदा तरी, शक्यतो सोमवती अमावस्येला, आम्ही पुण्याहून निघतो. सोमवती म्हणजे सोमवारी येणारी अमावस्या. कोणत्या वर्षी ती किती वेळा येईल हे पंचांगावर अवलंबून. 2024 मध्ये तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा माझ्या टीम लीडनं मला विचारलं होतं की तुमच्याकडे दर वेळी सोमवारीच काय असतं. त्या दिवशी खंडोबा आणि म्हाळसा पालखीत बसून गडावरून उतरतात आणि स्नानाला कऱ्हा नदीवर जातात. देव माणसांच्या गर्दीतून नदीवर जाऊन अंघोळ करून परत घरी येतो, असा हा साधा, घरगुती उत्सव आहे. फक्त तो काही लाख लोकांसमोर होतो आणि सगळ्यांच्या हातात हळद असते.

आता आमची जेजुरी कशी असते ते सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल. आजीचे गुडघे गेलेत. ती वर जाणारच, हे ठरलेलं. त्यामुळे चढण तिच्या वेगानं होते. कोलटकर पुस्तकाच्या शेवटाकडे गाव सोडताना गावाचा हिशोब मांडतात: त्रेसष्ट पुजारी, त्यांची त्रेसष्ट घरं, तीनशे खांब, पाचशे पायऱ्या, अठरा कमानी. त्या आकड्यांचा कोरडा विनोद मला फार आवडतो, नोकरीच अशी आहे की आकडे दिसले की बरं वाटतं. लोकपरंपरा त्याच गडाला नऊ लाख पायऱ्या देते. आमचा हिशोब तिसराच. आमच्या गडाला सात थांबे आहेत. पहिल्या थांब्यावर आजी म्हणते मी ठीक आहे. दुसऱ्यावर आई पाणी काढते. तिसऱ्यावर बाबा आणि काका यांच्यात, पालखीवाले वाटेत मिळतील का, यावर वाद होतो आणि आजी दोघांना गप्प करते. चौथ्यावर आत्या भंडाऱ्याची पुडी उघडून बोटावर घासते आणि सांगते की ही हळद नाही, नुसती पिवळी पावडर आहे, डोळ्यांत जाऊ देऊ नका. भेसळीच्या भंडाऱ्याबद्दल बातम्या येतात त्याच्या कितीतरी आधीपासून ती हे बोटावरून ओळखते. पाचव्या थांब्याजवळ दर वेळी एखादा नवा नवरा नव्या नवरीला उचलून पायऱ्या चढत असतो, आजूबाजूचे मोजत असतात, आणि आजी आपला गुडघा विसरून बघत बसते. गेल्या खेपेला तो नवरा आमचाच होता, माझा चुलत भाऊ. पाच पायऱ्यांचा रिवाज, त्यानं नऊ चढल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला वाकून गेला.

'जेजुरी'त अशी चढण नाही. असू शकत नाही, कारण त्यातला 'तू' कुणाचा हात धरून चालत नाही. पहिल्या कवितेत तो एसटीतून येतो, ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले, समोर एक म्हातारा, आणि म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत त्याला स्वतःचाच दुभंगलेला चेहरा दिसतो. उतरताना कवी त्याला बजावतो की या म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरू नकोस. मला ही पुस्तकाची किल्ली वाटते. म्हाताऱ्याच्या डोक्यात काय आहे ते आपलं नाही, त्याची आपण नक्कलही करायची नाही. अत्यंत प्रामाणिक भूमिका. पण म्हातारा परका आहे म्हणून ती शक्य आहे. तो आजोबा असता, त्याची बीपीची गोळी तुमच्या खिशात असती, तर डोक्यात शिरायचं की नाही हा प्रश्न तुमच्या हातात उरला नसता.

म्हणून नेमाड्यांचा आरोप मला जवळ जाऊन हुकलेला वाटतो. पर्यटक हा शब्द चूक नाही. पण पर्यटक असणं म्हणजे श्रद्धा नसणं नव्हे. आमच्या गाडीत श्रद्धेचा हिशोब केला तर आजी पूर्ण, आत्या पूर्ण, आई परिस्थितीनुसार, बाबांना विचारलं तर ते विषय बदलतील, काका निवडणुकीच्या वर्षी जास्त, आणि मी. तरी आमच्यातला एकही जण जेजुरीत पर्यटक नसतो. कारण प्रत्येकाला तिथे एक काम असतं.

माझं काम चपला सांभाळायचं. आठवीत असल्यापासून ते माझ्याकडे आहे. गडावर देवळाच्या अंगणात कडेच्या ओवरीशी मी बसतो, समोर नऊ-दहा जोड. मी आत जात नाही, हे माझ्या घरात कधी चर्चेला आलं नाही. अकरावीत असताना काकांनी एकदा मला दर्शनाच्या रांगेत ओढायला हात धरला, तर बाबा म्हणाले, "राहू दे त्याला, चपला कोण बघणार?" प्रश्न मिटला. मी मानतो की नाही हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ज्या प्रश्नावर इंग्रजीत आणि मराठीत मिळून इतका मजकूर छापला गेला, तो आमच्या घरानं मला एक काम देऊन सोडवला.

'मकरंद'कडे परत बघा. काडेपेटी दे आणि तू जा. आधुनिक माणसाची भूमिका म्हणून ही कविता शिकवली जाते, आणि ती तशी आहेही. पण बाहेर थांबलेला तो माणूस मला ओळखीचा वाटतो. प्रत्येक घरात तो असतो. तो पिशव्या धरतो, चपला बघतो, लहान बाळ झोपलं की ते घेऊन बसतो, आत गेलेल्यांना उशीर झाला की फोन करतो. कोलटकरांनी त्याच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि सिगारेट दिली. त्यानं कविता चांगली झाली, यात शंकाच नाही. चपला सांभाळणारा हिंडू शकत नाही. सिगारेटवाला हिंडतो, आणि या पुस्तकाचं सगळं वैभव त्या हिंडण्यात आहे.

ते वैभव मी सोमवतीला कधीच बघू शकत नाही, हेही नोंदवायला हवं. छप्पर मारुतीच्या डोक्यावर कोसळलंय आणि त्या पडझडीत एक कुत्री पिल्लं घेऊन राहिलीय, हे दिसायला देऊळ रिकामं लागतं. एका बिजागरीवर लटकलेलं दार केव्हाच चालतं झालं असतं, फक्त कुणीतरी त्याच्यावर चड्डी वाळत घातलीय म्हणून थांबलंय, हे दिसायला फुरसत लागते. देवळासमोरच्या प्रचंड कासवाच्या पाठीवर म्हाताऱ्यांनी चौकड्यांचा पट काढलाय, हे मी पुस्तकात वाचलं. प्रत्यक्षात त्या कासवावर मला फक्त पाय दिसलेत आणि पायांखाली पिवळा चिखल. कोलटकरांची जेजुरी सणाची नाही, आडदिवसाची आहे. पुजारी बसची वाट बघतोय, पेशव्यांनी बांधलेल्या तलावात गाळ आहे, पोरं रिकामी फिरतायत. यात्रा नसताना यात्रेचं गाव कसं दिसतं, हा त्या पुस्तकाचा विषय आहे, आणि गर्दीत उभं राहून तो कुणालाच लिहिता आला नसता.

आणखी एक गोष्ट कुटुंबाला दिसत नाही, किंवा दिसली तरी घर ती बघत नाही. आमच्याकडे लग्नानंतर जागरण घालतात. वाघ्या-मुरळी येतात, रात्रभर गातात, सकाळी बिदागी आणि साडी घेऊन जातात. मुली देवाला सोडायची चाल आता कायद्यानं बंद आहे, पण गाणाऱ्या बाईचं आयुष्य कसं गेलं असेल यावर आमच्या घरात एक वाक्यही बोललं जात नाही. भावाच्या जागरणात मी हे काढून बघितलं. आत्यानं मला चहाचे कप गोळा करायला पाठवलं. कोलटकरांनी मात्र पुस्तकात वाघ्याला एक गाणं दिलंय आणि मुरळीला एक. मुरळीच्या गाण्यात भक्तीच्या आडून बाजार स्पष्ट ऐकू येतो. ज्याचं त्या घरात कुणी लागत नाही, तोच हे ऐकू शकतो. कुटुंबाची माया किती गोष्टी झाकून ठेवते, हे मला या दोन पानांनी दाखवलं, आणि यासाठी मी नेमाड्यांच्या विरोधात केव्हाही साक्ष द्यायला तयार आहे.

तरीही तळीपाशी येऊन पुस्तक थांबतं.

तळी भरणं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: ताम्हणात भंडारा, खोबरं, बेल, पान-सुपारी, पैसा ठेवतात, आणि पाच पुरुष मिळून ते ताम्हण सदानंदाच्या नावाचा येळकोट करत वर उचलतात, खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. मग खोबरं-भंडारा वाटतात. पुरुष विषम संख्येत हवेत, निदान पाच. आजोबा होते तोवर आमच्याकडे पाच सहज व्हायचे. ते गेले, धाकटा काका कॅनडाला गेला, आणि बाबा, काका, चुलत भाऊ असे तीनच उरले. गेल्या सोमवतीला बाबा ओवरीपाशी आले. त्यांनी माझ्या चपलांच्या रांगेकडे बघितलं आणि आत्याला म्हणाले, "ताई, तू बस इथे जरा." मला फक्त "चल" म्हणाले. पाचवा म्हणून शेजारच्या कुटुंबातले, बारामतीकडचे एक गृहस्थ आले. त्यांना कुणी गोत्र विचारलं नाही, मला कुणी श्रद्धा विचारली नाही. ताम्हण पितळेचं होतं, जड, आणि चारही बाजूंनी बोटं लागल्यावर एकदम हलकं झालं. मी ओरडलो का? ओरडलो. पाचांतला एक गप्प राहिला तर ते ताम्हण वाकडं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

माझ्यात काही बदललं असं मी म्हणणार नाही, कारण तसं काही झालं नाही. मी परत येऊन बसलो. पण आत्या माझ्या जागेवर बसली होती, तिचा चेहरा मला दिसला. तळीचा सगळा क्रम आमच्या घरात फक्त तिला पाठ आहे. खोबऱ्याच्या वाट्या किती, बेल कोणत्या बाजूला, आधी कुणाचं नाव घ्यायचं, बाबा प्रत्येक वेळी तिलाच विचारतात. आणि पाच मोजताना ती मोजली जात नाही. न मानणारा भाचा चालतो, बारामतीचे अनोळखी गृहस्थ चालतात, तिला चपला सांभाळायला बसवतात. या उत्सवावर टीका करायची तर ती माझ्या मते इथून सुरू व्हायला हवी. देव दगड आहे की नाही हा त्यामानानं सोपा प्रश्न आहे. कोलटकर तर एका कवितेत म्हणून टाकतात की जेजुरीत ही रेघच फार पुसट आहे. पाचांत कोण धरायचं ही रेघ पुसट नाही. आणि ती दिसायला तुम्हाला आत्या असावी लागते. देवळाच्या भिंती बघत हिंडणाऱ्याला ती दिसणार नाही.

पुस्तकात एकच जागा अशी आहे जिथे मला आमच्या घरातली माणसं दिसतात. 'यशवंतराव'. मुख्य देवळाच्या बाहेरचा, दुय्यम दर्जाचा देव. हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही, नुसता दगड. कवी आधी इतर देवांची टिंगल करतो: कुणी जास्त देखणे, कुणी सोनं मागणारे, कुणी जीव मागणारे. मग म्हणतो, आपला आवडता हा. हात मोडला तर हा हात बसवून देईल, पाय मोडला तर पाय. आत्म्याबित्म्याचं याला काही कळत नाही, हाडवैद्यच म्हणा ना. आणि स्वतःलाच अवयव नसल्यामुळे तुमचं दुःख याला जरा जास्त कळतं. पुस्तकभर हात खिशात घालून फिरणारा हा माणूस इथे पहिल्यांदा कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलतो. आजीला मी ही कविता मराठीत सांगितली. विनोद तिला कळला, पण ती हसली नाही. "मग आपण तिथे का नाही जात?" एवढंच म्हणाली. आता आमच्या चढणीला आठवा थांबा आहे.

आमच्या पिढीला जेजुरी पुस्तकातून कळली नाही, हेही खरं. ती 'जय मल्हार' मालिकेतून कळली. 2014 ते 2017, रोज रात्री. त्या मालिकेनं देवाला पिळदार दंड दिले आणि म्हाळसा-बानूच्या भांडणाला जेवणाच्या टेबलावर आणलं. तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बानू एकाच घरात नांदवताना जातीची जी ओढाताण होते, ती तिच्यात अधूनमधून तरी होती, आणि आजी ती जागा बरोबर ओळखून आवाज वाढवायची. मालिकेनंतर ड्रोन आला. आता सोमवतीचं जे रील तुमच्यापर्यंत पोचतं ते वरून घेतलेलं असतं: पिवळा ढग, त्यातून वर येणाऱ्या दीपमाळा, मागे ढोल. सुंदर असतं, मीही फॉरवर्ड करतो. त्यात माणसं तीळ-तांदळाएवढी दिसतात, आणि तांदळाला गुडघे नसतात.

गंमत म्हणजे इतक्या वरून बघणारा ड्रोन आणि दाराच्या बिजागरीइतक्या जवळून बघणारा कोलटकर, दोघांनाही एक फायदा समान मिळालाय: गर्दीत कुणी त्यांना हाक मारत नाही. 'ॲन ओल्ड वुमन'मध्ये एक म्हातारी कवीची बाही धरते, पन्नास पैसे मागते, सोडत नाही. तिच्या डोळ्यांत बघताना डोंगर तडकतात, आकाश कोसळतं, ती तेवढी शाबूत राहते, आणि तो तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. या कवितेनं माझ्या अंगावर काटा येतो, प्रत्येक वेळी. संपूर्ण पुस्तकात त्याला हात लावून धरणारी तीच काय ती. तिला आपलं म्हणायला तिथे कुणी नाही आणि त्यालाही नाही, म्हणून तो स्पर्श इतका भयंकर होतो. माझी बाही गडावर दिवसभर कुणी ना कुणी धरून असतं, आणि त्यावर काही लिहावं असं आजवर वाटलं नव्हतं.

पुस्तक रेल्वे स्टेशनवर संपतं. पुढची गाडी कधी, हे तिथे कुणीच सांगत नाही. आम्ही त्याच दिवशी रात्री अकराला पार्किंगमध्ये होतो. पालखी कऱ्हेवरून परतायची होती, आजी गाडीत झोपली होती, सगळ्यांचे कान पिवळे. आत्यानं फोनवर पंचांग उघडून पुढची सोमवती शोधली आणि फॅमिली ग्रुपवर तारीख टाकली. चुलत भावाची तेव्हा बंगळुरूला बदली झालेली असेल. बाबांनी बोटांवर मोजलं आणि मागे वळून विचारलं, तुझी रजा होईल ना. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, मी येईन, पण एक जण तरी कमीच पडतो, आत्याला धरा. बाबांनी गाडी सुरू केली. सासवड येईपर्यंत कुणी काही बोललं नाही, मग आत्या म्हणाली, "खोबरं आणायचं मात्र विसरू नका, मागच्या खेपेला एक वाटी कमी पडली होती."